मोजून बघायची खोड

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अजून शाळेतच आहेस. पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर विज्ञानाचं काय काय चालवतेस, ते सांग. वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, वीस मिनिटं कशी पुरतील? आमचा तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि तोही पुरत नाही!

या कामाला हल्ली 'स्टेम' म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं. मागच्या वर्षी सहावीच्या फळ्यावर मी हा शब्द लिहिला, तर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, स्टेम म्हणजे खोड ना?" सगळा वर्ग हसला. मला मात्र त्याचा अर्थ पटला. खोड म्हणजे झाडाचं खोड, आणि खोड म्हणजे लागलेली सवयसुद्धा. जित्याची खोड जात नाही म्हणतात, ती. गेली एकोणीस वर्षं आम्ही मुलांना एकच खोड लावायचा प्रयत्न करतो आहोत: स्वतः मोजून बघायची, आणि जे मोजलं तेच लिहायची. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

पण त्याआधी आपल्या वेळचं थोडं आठवू या.

आपण पाचवीत होतो. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण होतं. खग्रासचा पट्टा आपल्या खाली, कर्नाटकातून, अंकोला, रायचूरकडून गेला होता आणि आपल्याकडे दुपारी सूर्याचा मोठा भाग झाकला जाणार होता. आठवतं काय केलं आपण? सकाळची शाळा सुटल्यावर घरी पळालो. खिडक्यांना चादरी लावल्या. आमच्या आजीनं पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकलं आणि आम्हा भावंडांना आतल्या खोलीत कोंडलं. आजीबद्दल माझी तक्रार नाही, तिनं काळजीपोटीच केलं. पण अशी संधी दारात आली आणि आपण दार लावून बसलो, ही रुखरुख मला बरीच वर्षं होती.

दुसरी आठवण कपाटाची. प्रयोगशाळेतलं ते काचेचं कपाट. त्यात सूक्ष्मदर्शक होता, प्रिझम होता, दोन स्प्रिंगबॅलन्स होते. पाच वर्षांत सूक्ष्मदर्शकातून आपण किती वेळा पाहिलं? मी एकदा पाहिलं. कांद्याची साल लावली होती, मला स्वतःची पापणी दिसली आणि मागून आवाज आला, "चला, पुढची." प्रयोगवही मात्र आपण सगळ्यांनी सुरेख लिहिली होती. कुणाची बघून लिहिली, ते आज सर समोर आहेत म्हणून सांगत नाही. मागच्या तुकडीची वही, तिच्यातली निरीक्षणं, तिच्यातलेच आकडे. गंमत म्हणजे त्यातला एक चुकीचा आकडा निदान तीन तुकड्या तरी उतरत आल्या होत्या!

१९९४ साली मी याच शाळेत विज्ञान शिकवायला आले. पहिल्या आठवड्यात मला त्या कपाटाची किल्ली मिळाली आणि किल्लीबरोबर जडसंग्रह नोंदवहीही. प्रत्येक वस्तू तपासून सही करायची. वस्तू फुटली तर जबाबदारी माझी. मी सही केली आणि कपाटाला कुलूप लावलं. ते कुलूप मी बारा वर्षं फारसं उघडलं नाही. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण नंतरच्या कामाबद्दल बोलताना लोक माझं कौतुक करतात. ज्या कपाटाबद्दल मला चीड होती, त्याचीच राखण मी केली. मुलांना मी सूक्ष्मदर्शक दाखवला, पण लांबून.

तसं बघितलं तर आपल्या देशात हे काम कुणी केलं नव्हतं असं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी करून बघायच्या विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला होता. आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, बांधकाम, शेती, घरगुती वीज ही कामं हातानं करत करत शिकायची, असा तिथला परिपाठ. त्या साली आपण नववीत होतो, इथून काही तासांच्या अंतरावर, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला हे सगळं कळलं ते फार उशिरा, पुण्याला आयुकामध्ये. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवायचे. मी तिथे एक दिवस गेले आणि येताना पिशवीत दोन वस्तू घेऊन आले: काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी.

दुसऱ्या दिवशी सहावीत त्या वाटल्या. नळीचे छोटे तुकडे करायचे आणि त्यांत काड्या खोवून आकार जोडायचे. मुलांनी चौकोन केला, दाबला, तो कलंडला. त्रिकोण केला, तो हलेना. एकानं चौकोनात तिरकी काडी घातली आणि तोही हलेना. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणून आमच्या पत्र्याच्या शेडला वर तिरक्या पट्ट्या मारल्यात का?" त्या एका तासात भूमिती झाली, अभियांत्रिकी झाली आणि खर्च आला पाच रुपये. बारा वर्षांत माझ्या वर्गात असा प्रश्न आला नव्हता. त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं.

उघडायचं म्हणजे फुटणार हे आलंच. तेव्हाच्या मुख्याध्यापकांपुढे मी एक वही ठेवली. वस्तू मोडली की मुलानं स्वतः त्या वहीत लिहायचं: काय मोडलं, काय करताना मोडलं, पुढच्यानं काय काळजी घ्यावी. शिक्षा नाही, भरपाई नाही. मुख्याध्यापक बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एक वर्ष बघू." वर्षाअखेर त्या वहीत अकरा नोंदी होत्या. त्यातली पहिली अशी: 'परीक्षानळी. गरम असताना गार पाण्यात धरली. पुढच्यानं तसं करू नये.' कुठल्याही पाठ्यपुस्तकातली सूचना मुलांनी इतकी पाळली नसेल. सूक्ष्मदर्शक अजून शाबूत आहे बरं का. जेवणानंतर जाऊन बघा, यावेळी पापणी बाजूला ठेवून.

मग २००६ च्या जूनमध्ये आम्ही पाऊस मोजायला घेतला. शीतपेयाच्या बाटलीचं तोंड कापून ते उलटं बसवलं, झालं नरसाळं. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून तळाशी थोडं सिमेंट ओतून तो सपाट केला आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, म्हणून आमचीही साडेआठला. मुलांनी विचारलं, "बाई, दहा मिलिमीटर म्हणजे किती पाणी?" एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर त्यांनी मोजलं, वीस मीटर बाय आठ मीटर. म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका पावसात नुसत्या छपरावर सोळाशे लिटर पाणी. क्षेत्रफळ आणि घनफळ या दोन धड्यांना मी जितका घाम गाळला होता, तितका त्या दिवशी गाळावा लागला नाही.

पुढची काही वर्षं काम वाढत गेलं, पण रडतखडत. सगळ्यात मोठी अडचण वेळेची. पस्तीस मिनिटांत सामान वाटण्यात दहा जातात, गोळा करण्यात दहा. आठवड्यातून एकदा विज्ञानाचा आणि कार्यानुभवाचा तास शेजारी शेजारी आणून जोडतास करायला मला तीन वर्षं लागली. वेळापत्रक करणाऱ्या सरांची मनधरणी केली, गणिताच्या बाईंचा विश्वास मिळवला. चित्रकलेचे सर स्वतःहून आले, कारण मुलांच्या आकृत्या त्यांना बघवेनात. आणि शिपाईमामा. त्यांना सायकल दुरुस्ती, नळदुरुस्ती, वायरिंग सगळं येत होतं. वीस वर्षं ते फक्त घंटा देत होते, कारण आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मुलांना पहिलं रेणकाम त्यांनी शिकवलं.

चुका झाल्या, त्याही सांगते. एका वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी दुकानातून तयार प्रतिकृती आणली. वेळ नव्हता आणि बक्षीस हवं होतं. परीक्षकांनी मुलाला विचारलं, "ही नळी इथंच का जोडली?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. परत येताना एस.टी.त तो खिडकीला डोकं टेकून बसला होता, एक शब्द बोलला नाही. तो आता इंजिनियर आहे, चांगला आहे, पण मला त्याची ती नजर विसरता येत नाही. त्यानंतर आम्ही विकतची प्रतिकृती नेलेली नाही. बक्षिसं कमी झाली, हेही खरं.

दुसरी चूक लक्षात यायला आणखी वेळ लागला. गटात काम चालायचं तेव्हा स्क्रूड्रायव्हर मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही," असं मीच म्हणायचे. मी, जिला स्वतःला सूक्ष्मदर्शकापासून "चला, पुढची" म्हणून हटवलं होतं! मग नियम केला: दर आठवड्याला कामं बदलायची. या आठवड्यात जी लिहील, ती पुढच्या आठवड्यात जोडेल. पहिल्यांदा दोन्हीकडून कुरकुर झाली. आता कुणाला तो नियम आहे हेसुद्धा आठवत नाही.

या मधल्या वर्षांत आजीची परतफेडही झाली. १५ जानेवारी २०१०, शुक्रवार, पुन्हा सूर्यग्रहण. आपल्याकडे खंडग्रास होतं. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून सगळी शाळा मैदानात उभी होती. वडाखाली पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. काही आज्या नातवंडांना घरी न्यायला आल्या होत्या. त्यातल्या दोघी तिघी कवडसे बघत तिथेच थांबल्या.

२०१८ साली शाळेला अटल टिंकरिंग लॅब मंजूर झाली. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मिशनची ही योजना, सहावी ते बारावीसाठी. एकूण वीस लाख रुपये, त्यातले दहा लाख एकदाच उभारणीला आणि बाकीचे पाच वर्षांच्या चालू खर्चाला. काड्या आणि रबरी नळ्यांवर वाढलेल्या आमच्या कार्यक्रमात अचानक थ्री-डी प्रिंटर आला, अर्डुइनोचे संच आले, सेन्सर आले. खोलीला रंग दिला, नव्या खुर्च्या आल्या. आणि दाराला नवं कुलूप लागलं.

हो, पुन्हा. महाग वस्तू म्हणून पुन्हा मीच. पहिल्या वर्षात त्या प्रिंटरवर आम्ही काय छापलं माहिती आहे? पाहुण्यांच्या नावाच्या किचेन. पाहुणे आले की खोली उघडायची, किचेन द्यायची, फोटो काढायचा, खोली बंद. एक दिवस आठवीचा एक मुलगा ती जुनी मोडतोडीची वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, या खोलीची वही कुठंय?" मी म्हटलं, "या खोलीत काही मोडलेलंच नाही." तो म्हणाला, "तेच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीला टांगली. नंतर कुलूपही काढलं. रात्रीपुरतं शिपाईमामा लावतात तेवढंच.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. आता चार वर्षांचा क्रम साधारण बसला आहे. पाचवीत मोजायचं: लांबी, वजन, तापमान, पाऊस. सहावीत जोडायचं: काड्या, पूल, कप्पी, साधी विद्युतमंडलं. सातवीत सूर्य, सावली, नकाशे आणि आलेख. आठवीत प्रत्येक गटानं स्वतःचा एक प्रश्न घ्यायचा आणि वर्षभर त्याच्या मागे लागायचं. प्रश्न गावातला हवा, उत्तर पुस्तकात नसलेलं हवं.

एका गटानं शाळेचा गळका नळ घेतला. दोनशे मिलिलिटरचं भांडं चार मिनिटांत भरत होतं. म्हणजे तासाला तीन लिटर, दिवसाला बहात्तर. हा हिशोब कागदावर लिहून त्यांनी मुख्याध्यापकांना दिला आणि नळ तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. आम्ही शिक्षक त्याबद्दल वर्षभर तोंडी सांगत होतो. दुसऱ्या एका मुलानं वडिलांच्या उसात मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर लावला. तीन आठवड्यांत त्याच्या पट्ट्या गंजून गेल्या. तो हिरमुसला. मग शोधत गेल्यावर त्याला कळलं की ओल्या मातीत सतत वीज वाहत राहिली की पट्टीचा धातू झिजतो. त्यानं आज्ञावली बदलली: मोजायच्या वेळेपुरतीच वीज सोडायची, एरवी बंद. पुढचा सेन्सर कितीतरी जास्त टिकला. सातवीपर्यंत विज्ञानात जेमतेम पास होणारा मुलगा होता तो.

२०२० साली शाळा बंद झाली. अर्ध्या मुलांकडे फोन नव्हता. तेव्हा कामाला आली ती बाटली. अकरा घरांत मुलांनी पर्जन्यमापक लावले, वेगवेगळ्या वाड्यांवर. शाळा उघडल्यावर वह्या एकत्र केल्या तर एकाच दिवशी एका वाडीवर भरपूर पाऊस आणि दीड-दोन किलोमीटरवर जवळजवळ काहीच नाही. मुलांना वाटलं कुणीतरी खोटं लिहिलंय. भांडण झालं. मग नकाशावर आकडे मांडले, डोंगराच्या बाजूच्या वाड्या एकीकडे आणि नदीकडच्या एकीकडे, आणि भांडण मिटलं.

आता एक प्रसंग सांगते, ज्यासाठी मी आज खरं तर उभी राहिले.

दोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनीस नावाच्या माणसानं दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर मोजला. सातवीच्या मुलांना म्हटलं, आपणही मोजू. त्यासाठी बरंच उत्तरेला कुणीतरी हवं होतं. आपल्याच वर्गातला एक मित्र दिल्लीत होता. नाव घेत नाही, तो समोर बसलाय आणि आत्ताच लाजायला लागलाय. तो म्हणाला, "काठी कुठं लावायची तेवढं सांग."

२० मार्च २०२४. दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी करायची आणि सूर्य सगळ्यात उंच असताना सावली मोजायची. ही वेळ घड्याळातल्या बारा वाजताची नसते, हे मुलांनी आधी शोधलं. आपल्याकडे ती १२ वाजून ४१ मिनिटांच्या सुमाराला होती, दिल्लीत १२ वाजून २९ च्या. आमची सावली आली ३२.५ सेंटिमीटर. दिल्लीची ५४.५. मुलांनी वर्गाच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापाचे त्रिकोण काढले आणि दहावीच्या ताईंनी टॅनच्या कोष्टकावरून कोन तपासून दिले. आमचा कोन १८ अंश, दिल्लीचा २८.६. फरक १०.६ अंश. आपल्यापासून दिल्लीपर्यंतचं सरळ दक्षिणोत्तर अंतर नकाशाच्या प्रमाणावरून १२५० किलोमीटर. गुणाकार भागाकार केला आणि पृथ्वीचा घेर आला सुमारे ४२,४५० किलोमीटर.

पुस्तकात आहे चाळीस हजार. वर्गात शांतता. मग एक हुशार मुलगा म्हणाला, "बाई, सावली साडेबत्तीसच्या ऐवजी एकतीस लिहिली की उत्तर बरोबर येतंय. मी करून बघितलं." त्यानं खोडरबर काढलासुद्धा. आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं, लिहू दे. दिल्लीचा मित्र फोनवर होता, मुख्याध्यापक दारात उभे होते.

तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, मग मोजलं कशाला?"

एवढंच. मी त्याला खोडरबर खाली ठेवायला सांगितला. साडेबत्तीस तसंच राहिलं.

त्याच मुलीचे वडील गवंडी आहेत. दुसऱ्या दिवशी ती त्यांचा ओळंबा घेऊन आली. काठीला लावून बघितला तर काठी किंचित कललेली. ओळंब्यानं ती सरळ केली आणि २१ मार्चला दोन्हीकडे पुन्हा मोजलं. आमची सावली ३०.३, दिल्लीची ५३.५. आता गंमत बघा. दिल्लीची सावली एका दिवसात एक सेंटिमीटर कमी झाली. ती खरीच कमी झाली होती, कारण त्या दिवसांत सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो. आमची मात्र सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास कमी झाली. म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर सूर्यामुळे आणि उरलेली आमच्या वाकड्या काठीमुळे. कालचा आकडा खोडला असता तर हे कळलंच नसतं. चूक किती होती आणि कुठून आली, हे त्या साडेबत्तीसनंच सांगितलं. नवा घेर आला सुमारे ४०,१८०. खरा घेर ध्रुवांवरून मोजला तर ४०,००८ किलोमीटर.

ती वही आज मागच्या टेबलावर ठेवली आहे. दोन्ही दिवसांचे आकडे आहेत, पहिल्या दिवसाचेही. आपण पाच वर्षं ज्या प्रयोगवह्या लिहिल्या, त्यात एकही आकडा आपला नव्हता. या मुलांच्या वहीत चुकीचा आकडा आहे, पण तो त्यांचा आहे.

आता थोडं पुढचं. अटल लॅबची पाच वर्षांची मुदत संपली, चालू खर्चाचे पैसे थांबले. मी जून २०२७ मध्ये निवृत्त होते. होशंगाबादचा जो कार्यक्रम मी सांगितला, तो तीस वर्षं चालून २००२ साली सरकारी आदेशानं बंद झाला. इतकं मोठं काम थांबतं, तर आपल्या शाळेतलं एका बाईच्या निवृत्तीनं थांबायला कितीसा वेळ लागणार? हे मला अलीकडे रात्री जागं ठेवतं. दोन तरुण शिक्षक तयार होताहेत, दोघंही माझ्यापेक्षा बरे आहेत. एकाला अर्डुइनो माझ्याहून चांगलं येतं, दुसरीला मुलांचं ऐकून घेता येतं, आणि ते जास्त अवघड आहे. पण त्यांचा जोडतास टिकला पाहिजे.

तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं, शाळेला काय देऊ? तीन गोष्टी मागते.

एक, नवं मोठं यंत्र देऊ नका. त्याऐवजी दर वर्षी संपणाऱ्या वस्तूंची यादी वाटून घ्या. सेल, वायर, रेण, आलेख कागद, व्हॉल्व्हची नळी. यादीत फोटो काढण्यासारखं काही नाही, पण ती संपली की काम थांबतं.

दोन, वर्षातला एक शनिवार द्या. तुमच्यात वायरमन आहे, परिचारिका आहे, बँकेत आयुष्य काढलेले आहेत, ऊस पिकवणारे आहेत, अमेरिकेत संगणकावर काम करणारे दोघं आहेत. तुमच्या कामात काय मोजतात आणि चुकलं तर काय होतं, तेवढंच मुलांना सांगा. यशाची गोष्ट नको, चुकलेल्या मोजमापाची सांगा.

तीन, मी गेल्यावर कधी शाळेत आलात तर ती मोडतोडीची वही मागून बघा. त्यात नव्या नोंदी असतील तर समजा सगळं ठीक आहे. वही कोरी दिसली तर मात्र संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

सर, तुम्ही पुढे बसला आहात म्हणून तुम्हालाही एक सांगते. तुम्ही आम्हाला टेबलावर प्रयोग करून दाखवायचात तेव्हा साठ मुलांसाठी तुमच्याकडे एकच प्रिझम होतं, आणि तेही फुटलं तर भरपाई तुमच्या पगारातून. ते प्रिझम भिंतीवर इंद्रधनुष्य पाडायचं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्याच्या जोरावर मी बी.एस्सी.ला गेले. त्या कपाटाचा राग तुमच्यावर कधीच नव्हता.

आज सकाळी साडेआठला पाचवीची एक मुलगी पर्जन्यमापकाजवळ उभी होती. रविवार होता, डिसेंबर आहे, आभाळ कोरडं. मी म्हटलं, "अगं, आज कशाला आलीस? पाऊस कुठाय?" ती म्हणाली, "नाहीये, तेच लिहायचंय ना." आणि तिनं वहीत तारखेपुढे शून्य लिहिलं, खाली सही केली आणि मैदानावर तुमच्या गाड्या मोजायला गेली.

सगळ्यांना जेवायला उशीर होतोय.